झोपाळू कॉपिस्ट

२ ऑगस्ट, शनिवार

नाव नाही! एवढ्या मोठ्या पोस्टरवर माझं नाव नाही!

‘हाइनवाल्ड : व्हायोलिन कन्चेर्टो. हरवलेल्या मधल्या भागासह प्रथमच. २० सप्टेंबर. पुनर्रचना — डॉ. कोह आणि सहकारी.’ सहकारी! सहकारी म्हणजे कोण, तर मी. एकटी. अडीच वर्षं त्या कागदांवर डोळे फोडले मी, आणि साहेब आयत्या बिळावर नागोबा. प्रोजेक्टचा प्रमुख म्हणून सह्या करण्यापलीकडे कोहने काय केलंय? मीटिंगला केक आणतो. बस.

सुयश म्हणाला, “जाऊ दे गं, आमच्या बँकेतही असंच चालतं.” नवरा आहे की सांत्वन समिती? मला ‘जाऊ दे’ नको होतं. कुणीतरी माझ्याबरोबर भडकायला हवं होतं.

३ ऑगस्ट

आज डोकं जरा ताळ्यावर आहे. एकदा ओळीने लिहून ठेवते. उद्या कुणी विचारलं, विभाने काय केलं, तर निदान या वहीत तरी असेल.

हाइनवाल्ड हा जर्मन, १८५०च्या सुमाराचा. फारसा कुणाला माहीत नाही. त्याच्या या कन्चेर्टोचा पहिला आणि तिसरा भाग तिकडच्या एका गावच्या ग्रंथालयात आहे. मधला, संथ भाग गायब. आणि तो निघाला कुठे — तर इथे, आमच्याच शहराच्या टोकाला, पासिर रिसमधल्या एका ट्रंकेत! मिस पिंटो म्हणून व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई होत्या, मूळच्या मुंबईच्या, पन्नासेक वर्षांपूर्वी इथे आलेल्या. त्या गेल्यावर पुतण्याने त्यांच्या नोटेशनची ट्रंक आमच्या कॉलेजला देऊन टाकली. त्यात तिन्ही भाग, हाताने उतरवलेले. पहिला आणि तिसरा जर्मनीतल्या प्रतीशी तंतोतंत जुळतात. मग मधलाही अस्सलच की! व्हायोलिनची ओळ आणि खाली पियानोच्या दोन ओळी, एवढंच होतं. त्यावरून अख्खा ऑर्केस्ट्रा उभा केला तो मी.

मधला भाग मात्र वेगळ्या अक्षरात आहे. आणि ज्या कुणी तो उतरवला तो प्राणी महागाढव! शेवटाकडे एक छोटा तुकडा आहे, तो एकापाठोपाठ तीनदा लिहून ठेवलाय. मात्रांच्या रेघा सोडून, कुठल्या कुठे. त्या काळचा जर्मन माणूस असलं काही लिहिणार नाही. सरळ आहे — उतरवताना डुलकी लागली, डोळा मागच्या ओळीवर गेला, तेच पुन्हा लिहिलं. परत डुलकी, परत तेच. मी दोन काढून टाकले, एक ठेवला, आणि मोजणी जुळवायला एक छोटी विश्रांती, सुराविना रिकामी जागा, घातली. माझ्या पेपरमध्ये त्याचं नावच ठेवलंय — ‘झोपाळू कॉपिस्ट’. लोकांना ते फार आवडलं. भाषणात हशा मिळतो.

हांबुर्गचा एक म्हातारा प्रोफेसर म्हणतो, हा भाग हाइनवाल्डचा नाहीच. सोळा पानी उत्तर दिलंय त्याला. बसलाय गप्प.

५ ऑगस्ट

आई आली. तीन महिने राहणार. विमानतळावर पहिलं वाक्य — “केस किती गेलेत गं तुझे.” पोस्टरचं सांगितलं तर म्हणाली, “हं.” पंचाहत्तर वर्षांची बाई, लेकीवर अन्याय झालाय, आणि ‘हं’!

९ ऑगस्ट

इथला नॅशनल डे. खिडकीतून विमानं बघितली. आमची लेक ऋता गालावर झेंडा रंगवून नाचली. कोहचा शुभेच्छांचा मेसेज आला, खाली पोस्टर जोडलेलं. उत्तर दिलं नाही.

१४ ऑगस्ट

माझ्या आईला माझं व्हायोलिन आवडत नाही. लिहून टाकते एकदाचं. बेचाळीस वर्षांची झाले तरी हे टोचतं.

आजचंच. कार्यक्रमात मुख्य व्हायोलिन वाजवणारी मुलगी वेगळी आहे, पण तिला समजावता यावं म्हणून मधला भाग मी रोज घरी वाजवते. मी सुरू केलं की आई टीव्हीचा आवाज वाढवते! रोज! मालिकेतली सासू किंचाळतेय आणि इकडे मी हाइनवाल्ड वाजवतेय. पहिल्या दिवशी योगायोग म्हटलं. आज आठवा दिवस.

लहानपणापासून हेच. पुण्यात क्लासला बाबा न्यायचे. स्पर्धेला बाबा. बक्षीस समारंभाला बाबा, आणि आई — “पाय दुखतात.” चाळिशीतसुद्धा पाय दुखत होते तिचे! स्वतः कॉलेजात असताना ‘थोडंसं’ व्हायोलिन शिकली होती म्हणे. थोडंसं म्हणजे किती, विचारलं की भाजी निवडायला बसते. बाबा गेले तेव्हापासून माझ्या कार्यक्रमाला माझं असं कुणीच नसतं. सुयश येतो, फोन बघतो.

१५ ऑगस्ट

“आई, आवाज कमी कर.”

“मला कमी ऐकू येतं.”

खोटं! स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या मोजते ती.

२१ ऑगस्ट

कोहशी बोलले. म्हटलं, पोस्टर बदला. तो हसून, अगदी गोड — “विभा, इट्स अ टीम प्रोजेक्ट. नाव एकाचं टाकलं तर बाकीच्यांचं काय?” बाकीचे कोण? झेरॉक्स काढणारा? म्हणाला, डिसेंबरमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, आत्ता असल्या लहान गोष्टी नको काढू. लहान गोष्टी! तळपायाची आग मस्तकात गेली. राजीनामा लिहायला घेतला. चार ओळी झाल्या, मग ऋताच्या शाळेची बस आली.

२७ ऑगस्ट

गणपती. आईने मोदक केले, एकाचीही कळी मोडली नाही. आरतीला चोआ चू कांगहून नंदामावशी आल्या. आईची पुण्यातली वर्गमैत्रीण, लेकाबरोबर इथेच असतात. त्या सहज म्हणाल्या, “मधू, तुझी लेक व्हायोलिनवाली झाली हे बरं झालं हो, तुझं राहिलेलं—” आणि आईने त्यांच्या पानात तिसरा मोदक असा काही आदळला की मावशी गप्पच झाल्या. मला कुणी काही सांगत नाही या घरात.

२ सप्टेंबर

हांबुर्गच्या म्हाताऱ्याची मेल. ‘मॅडम, तुमच्या झोपाळू कॉपिस्टवर माझा विश्वास नाही. झोपेत माणूस चुकतो, पण इतका नीट चुकत नाही. तीनही वेळा मधली अंतरं अगदी सारखी आहेत. हा जो कोणी होता तो टक्क जागा होता, आणि तो हाइनवाल्ड नव्हता.’ उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं याचं! मूळ कागद हातात घेऊन बघितलाय का कधी? कोहने मेल वाचली आणि म्हणाला, “कॉन्सर्टपर्यंत उत्तर देऊ नकोस.” भित्रा. मी ताबडतोब दिलं.

६ सप्टेंबर, शनिवार

रात्रीचे बारा वाजत आलेत. तरी लिहिते.

सुयश ऋताला पोहायला घेऊन गेला होता. मी मधला भाग वाजवत होते, शेवटाकडचा. बाहेर टीव्ही, स्वयंपाकघरात आई. आणि एकदम टीव्ही बंद झाला. आई दारात उभी. हाताला कणीक.

“तीनदा आहे ते.”

“काय?”

“तो तुकडा. तीनदा आहे. तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर येतो. तू एकदाच वाजवतेस आणि मग तिथे थांबतेस कशाला? दम लागतो का? महिनाभर ऐकतेय. जेवताना खडा लागावा तसं होतं मला.”

मी व्हायोलिन खाली ठेवलं. हे कागद मी आईला कधी दाखवलेलेच नाहीत! तीनदा आहे हे तिला कळलं कुठून?

तिने हाताने मांडीवर ताल धरला, कणकेच्या हाताने, आणि गुणगुणली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा — धा! रेघा गेल्या खड्ड्यात, तिसऱ्याचा शेवटचा सूर बरोबर नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडला.

तिहाई. ती तिहाई आहे! साधी, सरळ तिहाई, पोरंसोरं ओळखतील अशी. आमच्या घरी रेडिओवर सकाळ-संध्याकाळ हेच तर वाजायचं. आणि मी, डॉक्टरेट घेतलेली विदुषी, त्याला डुलकी म्हटलं. जगभर सांगत फिरले! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मूळ कागदाची झेरॉक्स तिच्यापुढे टाकली. तिने चष्मा शोधला. एकच ओळ बघितली.

“माझं अक्षर आहे हे,” आई म्हणाली. “तुला कुठे मिळालं?” आणि पोळ्या लाटायला निघून गेली. पोळ्या!

७ सप्टेंबर

भांडलो. कडाक्याचं. शेजारचे मिस्टर टान दारात येऊन विचारून गेले, सगळं ठीक ना.

सुयशला आणि ऋताला खाली हॉकर सेंटरला जेवायला पिटाळलं आणि आईला धरून बसवलं. निघालं ते असं. आई लहानपणापासून पुण्यात गाणं शिकलेली. कॉलेजसाठी मुंबईला मामांकडे राहिली, तिथे मिस पिंटोंकडे व्हायोलिन. ‘थोडंसं’ नव्हे — पाच वर्षं! मिसच्या गुरूंनी जर्मनीहून येताना हा कन्चेर्टो आणला होता, मधला भाग वाटेतच कुठेतरी गहाळ. मिसची पद्धत अशी, की विद्यार्थ्यांकडून सगळं हाताने उतरवून घ्यायचं, झेरॉक्स तेव्हा होतंच कुठे. आणि ज्याचा हात बसला त्याला वरचा अभ्यास — मधला भाग तूच लिही. चौघांनी लिहिला. आईचा ठेवून घेतला.

“बावीस वर्षांची होते. दोन महिने लागले. त्यात तिहाई घातली, मिस म्हणाल्या, हे काय? मी वाजवून दाखवलं. म्हणाल्या, राहू दे.”

“मग सोडलंस का?”

१९७२ साली मिसने तो कन्चेर्टो जाहीर कार्यक्रमात वाजवला, पियानोच्या साथीवर. आईचा मधला भाग घालून. आई शेवटच्या रांगेत बसली होती. हातात छापील प्रोग्राम. त्यावर — हाइनवाल्ड. तीन भाग. सगळे हाइनवाल्डचे. तिचं नाव कुठेच नाही.

“मधला भाग संपला. लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या गं. कधी वाजवत नाहीत तशा. मी टाळ्या चालू असतानाच उठले. मामांकडून सामान घेतलं आणि पुण्याला आले. परत व्हायोलिनला हात लावला नाही. मिसची दोन पत्रं आली. उघडलीसुद्धा नाहीत. तशीच परत!”

शाबास, म्हणाले मी. मीसुद्धा हेच केलं असतं. आणि लगेच पुढचं आठवून परत भडकले — “मग मला का नाही सांगितलंस? महिनाभर टीव्ही मोठा करून बसलीस!”

“तू विचारलंस कधी? तू मला सांगितलंस का, काय वाजवतेस ते? ‘आई, तुला नाही कळायचं’ — हे तुझं वाक्य, बारावीपासूनचं. आणि स्वतःचं चोरलेलं गाणं लेकीच्या हातून ऐकायचं, तेही लंगडं! काय करायला हवं होतं मी? नाचायला?”



८ सप्टेंबर

ऋताने आज्जीला सांगून टाकलं. “आज्जी, मम्माने यूला स्लीपी कॉपिस्ट लिहिलं. इन अ रिअल जर्नल, लाह!”

आई दिवसभर मला ‘काय गं, मला झोप येतेय का बघ’ म्हणतेय. जेवायला वाढताना, कपडे वाळत घालताना. मरणाची लाज वाटते.

१० सप्टेंबर

हांबुर्गला मेल पाठवली. ‘तुमचं बरोबर होतं. कॉपिस्ट टक्क जागा होता. ती माझी आई आहे.’ एवढंच लिहायला तास लागला. म्हाताऱ्याचं तासाभरात उत्तर — ‘तिला माझा नमस्कार सांगा. भाग सुंदर आहे. म्हणूनच हाइनवाल्डचा नव्हे.’ इतकी वर्षं याला शिव्या घातल्या!

१२ सप्टेंबर

कोहला सगळं सांगितलं. दार लावून ऐकलं त्याने. मग — “प्रोग्राम ऑलरेडी प्रिंटेड, विभा. आफ्टर कॉन्सर्ट वी टॉक, कॅन?”

नॉट कॅन! कागद छापले म्हणून माणसाचं नाव गिळायचं? त्रेपन्न वर्षांपूर्वी एक बाई गिळून बसली, आता तू गिळ. आणि खरं सांगायचं तर मीही त्यातलीच. अडीच वर्षं त्या भागावर हाइनवाल्डचं नाव मीच चिकटवत होते, वर आईला झोपाळू म्हणत होते. स्वतःचं नाव पोस्टरवर नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. कुणाच्या गोष्टीवरचं नाव?

एक काम केलं. मुख्य व्हायोलिनवाल्या मुलीकडे गेले. तिहाई परत घातली, माझी विश्रांती खोडली. तिला तो तुकडा दोन मिनिटांत जमला. म्हणाली, “ओह, आता बरोबर वाटतंय. आधी इथे काहीतरी तुटायचं.” धन्यवाद.

१५ सप्टेंबर

कोहचा फोन. विचार केला म्हणे. कागद बदलता येणार नाही, पण कार्यक्रम संपल्यावर स्टेजवरून तो स्वतः सांगेल. आईचंही नाव, माझंही.

हः! स्टेजवर बोललेलं हवेत जातं, छापलेलं राहतं. आणि ऐन वेळी ‘विसरलो’ म्हणायला काय लागतं त्याला? सुयश म्हणतो विश्वास ठेव. मी नाही ठेवणार. राजीनामा पुरा लिहिलाय. शनिवारी मधला भाग झाला की उठणार आणि बाहेर पडणार, भर टाळ्यांत. आई ठरवूनच बसलीय, येणारच नाही. “एकदा गेले होते. पुरे झालं.” खरी माझी आई.

१७ सप्टेंबर

पासिर रिसला गेले, मिस पिंटोंच्या पुतण्याकडे. रिचर्ड, सत्तरीचा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. मला पुरावा हवा होता. मिसने चोरी केली हे तिच्याच अक्षरात सापडलं तर कोहच्या टेबलावर आपटता येईल.

रिचर्ड म्हणाला, “आंटीचे दुसरे पेपर्स आहेत. फोटो, जुने प्रोग्राम्स. म्युझिक नाही, सो आय नेव्हर गिव्ह.” कपाटावरून एक खाकी लिफाफा काढून दिला. वर लिहिलं होतं — बॉम्बे, १९७२. मी विचारलं, मिसच्या तोंडून मधुमती दाते, म्हणजे आईचं माहेरचं नाव, कधी ऐकलंत? तर म्हणे, “दॅट गर्ल? ऑलवेज. शी ऑलवेज से, दॅट गर्ल सो अँग्री.”

अँग्री! चोराच्या उलट्या बोंबा.

लिफाफा उघडला नाही. एमआरटीच्या गाडीत मांडीवर धरून बसले. म्हटलं, आईसमोरच उघडायचा, तिच्या डोळ्यांदेखत. घरी आले तर ती म्हणाली, “केराच्या डब्यात टाक.” म्हटलं, उद्या सकाळी, चहाच्या वेळी. 

१८ सप्टेंबर

उघडला.

कार्यक्रमाचा चार पानी छापील कागद. छापलंय ते आई म्हणते तसंच, हाइनवाल्ड, तीन भाग. पण शेवटचं पान कोरं होतं, त्यावर पेन्सिलीने मिसचं इंग्रजी. मी मोठ्याने वाचलं — ‘संपल्यावर सांगायचं: मधला भाग माझी विद्यार्थिनी मधुमती दाते हिचा, वय बावीस. तिला वर बोलवायचं. तोवर तिला कळू द्यायचं नाही. फुलं आणून ठेवणे.’

खाली शाईने — ‘दोनदा हाक मारली. मुलगी हॉलमध्ये नव्हती.’

आईने कागद माझ्या हातातून घेतला. स्वतः वाचला. परत वाचला. चष्मा काढून पदराला पुसला. चहावर साय धरली.

मग म्हणाली, “शनिवारी किती वाजता आहे तुझं?”

“साडेसातला.”

“दोघींना मधल्या खुर्च्या घे. कडेच्या नकोत. मधेच उठता येता कामा नये.”